मार्सेलिसचा उंबरठा



मार्सेलिस हे नाव ज्याने ऐकलेले नाही असा शिकलासवरलेला माणूस महाराष्ट्रात विरळाच. पण त्या एका उडीपलीकडे मार्सेलिसविषयी काही ठाऊक असलेला माणूसही तितकाच विरळा! ८ जुलै १९१० ची सकाळ, 'मोरिया' बोट, ते अरुंद गवाक्ष. एवढे म्हटले की पुढचे सांगावे लागत नाही. आमची स्थिती याहून निराळी नव्हती. आम्ही तिघे त्या गावी उतरलो ते ती जागा डोळ्यांनी पाहावी, एवढ्याच ओढीने. चार दिवस हाताशी होते. गाव आणि गावाबाहेरच्या डोंगरवाटा पायीच पाहायच्या, असे ठरवून टाकले. ज्या जागेसाठी गेलो ती आम्हांस पाहावयास मिळाली नाही, हे आधीच सांगून टाकतो. जे पाहिले त्याची हकीकत आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

सँ शार्ल स्टेशनातून बाहेर पडले की एकशे चार पायऱ्यांचा रुंद जिना गावात उतरतो. समोर टेकडीवर १८६४ साली प्रतिष्ठापना झालेले मेरीमातेचे देऊळ, त्याच्या मनोऱ्यावर सोनेरी मूर्ती. गावात कोठेही वाट चुकली तरी मान वर करावी, ती मूर्ती दिशा सांगते. खाली कानबिएर नावाचा हमरस्ता बंदराकडे जातो. हे नाव भांगेच्या जातीच्या झाडावरून पडले. त्याच्या वाखाचे जहाजांसाठी दोर वळणारे लोक येथे राहत. आज तेथे दोर नाहीत, दुकाने आहेत. त्यांविषयी विशेष सांगण्यासारखे काही नाही.

रस्ता संपतो तेथे जुने बंदर. समुद्राने जमिनीत हात घालावा तशी ही लांबट चौकोनी खाडी. दोन्ही अंगांना उंचवटे, पश्चिमेला अरुंद तोंड. इसवी सनापूर्वी सुमारे ६०० या वर्षी आशिया मायनरमधील फोकिया नगरीचे ग्रीक दर्यावर्दी येथे आले आणि त्यांनी मसालिया वसविले. त्यांच्या येण्याची जी कथा जस्टिन या रोमन ग्रंथकाराने नोंदविली आहे ती आपल्याकडच्या श्रोत्यांना परकी वाटणार नाही, कारण ती स्वयंवराची आहे. तेथील नान नावाच्या राजाने मुलीच्या लग्नाची मेजवानी योजिली होती. ज्याच्या हाती मुलगी पाण्याचा पेला देईल तो वर, अशी त्यांची चाल. नेमक्या त्याच दिवशी ग्रीक पाहुणे दारी आले आणि राजकन्या जिप्टिसने जमलेल्या सगळ्यांना वगळून पेला दिला तो प्रोटिस या परदेशी माणसाच्या हाती. राजाने जावयाला जमीन दिली, तीच ही नगरी.

ही कथा सर्वत्र सांगितली जाते; तिचा उत्तरार्ध मात्र कोणी सांगत नाही, आणि आम्हांस तोच अधिक महत्त्वाचा वाटतो. नान मेल्यावर त्याचा मुलगा कोमानुस गादीवर आला. त्याला एकाने कुत्रीची गोष्ट सांगितली. गाभण कुत्रीने धनगराकडे विण्यापुरती जागा मागितली, मग पिल्ले वाढविण्यापुरती मागितली, आणि पिल्ले मोठी झाल्यावर जागाच आपली म्हणून सांगितली! भटाला दिली ओसरी आणि भट हातपाय पसरी, हे आपण म्हणतो तेच. कोमानुसने उत्सवाच्या दिवशी गाड्यांत माणसे लपवून नगरात घुसविण्याचा बेत केला. तो त्याच्याच नात्यातील एका स्त्रीने ग्रीकांपुढे फोडला आणि कोमानुस मारला गेला. तेव्हापासून मसालियाचे लोक सणावारी वेशी लावून घेतात, तटावर पहारे ठेवतात आणि परक्यांची तपासणी करतात, असे जस्टिन लिहितो. ज्या वंशाला परक्या माणसाने पाण्याचा पेला दिला, तोच वंश पुढे परक्यांची झडती घेऊ लागला. हे दोन्ही एकाच ग्रंथकाराच्या एकाच ग्रंथात येते. चार दिवस त्या गावात हिंडताना हा पेला आणि ही झडती आमच्या मनातून गेली नाहीत.

जुन्या बंदराच्या मागे, १९६७ साली व्यापारी इमारतींसाठी पाया खणताना ग्रीक-रोमन काळाचा धक्का आणि तट सापडले. खाडीचा एक फाटा गाळाने भरून गेला होता, म्हणून आज धक्क्याच्या दगडांपुढे पाण्याऐवजी हिरवळ आहे. पुढे उत्तरेच्या काठाने चालू लागावे. नगरभवन सतराव्या शतकातील, नक्षीचे. पण त्याच्या आजूबाजूची घरे एकसारखी, सरळ रेषेतली. जुन्या बंदराच्या काठी घरे नवी का, असा प्रश्न पडतो. जानेवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्याने आणि फ्रेंच पोलिसांनी मिळून ही वस्ती वेढली. येथे गुन्हेगार आणि बंडखोर लपतात, असे कारण देण्यात आले. सुमारे वीस हजार माणसांना घराबाहेर काढले. सोळाशेंवर लोक आगगाडीत कोंबून उत्तरेकडे नेले. त्यांत जवळजवळ आठशे ज्यू होते, आणि त्यांतले बहुतेक पुढे मृत्युछावण्यांत गेले. नंतर फेब्रुवारीत सुमारे दीड हजार घरे सुरुंगांनी उडविण्यात आली. लोकांची कागदपत्रे तपासणारे, याद्या करणारे हात बव्हंशी त्याच देशाच्या पोलिसांचे होते, ही गोष्ट फ्रान्सला फार वर्षे मोकळेपणाने बोलता आली नाही.

बंदराच्या तोंडाशी दोन किल्ले आहेत. चौदाव्या लुईने १६६० साली या हट्टी नगराला वठणीवर आणले. तेव्हा उभारलेल्या सँ निकोला किल्ल्याच्या तोफांची तोंडे समुद्राकडे जितकी, तितकीच गावाकडे होती. समोरच्या सँ जाँ किल्ल्याला लागून तूरेत नावाचे पटांगण आहे. वारा सुरेख, निळे पाणी, बाकांवर म्हातारी माणसे. आम्हीही तेथे बसलो. सोबत आणलेला पाव आणि ऑलिव्ह खाऊन झाल्यावर, आपण नेमके कोठे बसलो आहोत हे आमच्यातील एकाने पुस्तकातून वाचून दाखविले.

१७२० च्या उन्हाळ्यात मार्सेलिसला प्लेग झाला. ऑगस्टमध्ये दिवसाला हजारावर माणसे मरत होती. सुमारे नव्वद हजार वस्तीच्या गावातली चाळीस हजारांच्या आसपास गेली. या तूरेतच्या पटांगणावर हजारावर प्रेते उन्हात आठवडेच्या आठवडे पडून होती. त्यांना हात लावण्यास माणूस मिळेना. १६ सप्टेंबरला शेवालिए रोझ या सरदाराने गलबतांवरचे बंदी आणि सैनिक आणले, जुन्या बुरुजांची पोकळ तळघरे फोडली आणि प्रेते त्यांत लोटून चुना टाकला. ते काम केलेल्या बंद्यांपैकी फारच थोडे वाचले. जवळच १९९४ साली एक सामूहिक दफनखड्डा उकरण्यात आला. तेथे अंगठ्याच्या हाडात खुपसलेली टाचणी आढळली. माणूस खरोखरच मेला आहे ना, याची ती खात्री होती. कोणीतरी, त्या धामधुमीतही, खात्री करून घेत होते! आम्ही उरलेला पाव पुडक्यात बांधून ठेवला.

हा रोग आला कसा, ते पुढे डोंगरवाटेवर सांगू. कारण त्याचा शेवट तेथे दिसतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही उत्तरेला निघालो. येथे आपल्याकडील एक समज दुरुस्त केला पाहिजे. 'मार्सेलिसचे बंदर' म्हणून आपण ज्या चित्रातल्या जुन्या बंदराची कल्पना करतो, तेथे १९१० साली मोठ्या आगबोटी लागत नसत. त्यांच्यासाठी १८४४ नंतर उत्तरेकडे जोलिएतची गोदी आणि तिच्यापुढे एकामागून एक गोद्या बांधण्यात आल्या. १८६९ ला सुएझचा कालवा उघडल्यावर हिंदुस्थानची बरीच टपाल आणि साहेबलोकांची वर्दळ या गोद्यांतून झाली. 'मोरिया' तिकडे नांगरलेली होती. आज तो सर्व भाग जाळीच्या कुंपणाआड आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्याने आमचे ऐकून घेतले, पारपत्रे पाहिली, नम्रपणे मान हलविली आणि परत पाठविले. त्याचे काहीही चुकले नाही. आम्ही कुंपणाच्या बाजूने तासभर चाललो. मालाच्या पेट्यांचे डोंगर, क्रेन आणि मधूनच पाण्याची एक रेघ दिसली, तेवढेच.

सावरकर त्या सकाळी धक्क्यावर चढले आणि धावले. फ्रान्सच्या भूमीवर ते काही मिनिटेच होते. फ्रेंच पोलिसाने त्यांना धरले आणि बोटीवरून धावत आलेल्यांच्या मदतीने परत बोटीवर पोहोचविले. आसऱ्याचा हक्क सांगण्यासाठी पोहून आलेल्या माणसाला त्या भूमीच्याच शिपायाने परत केले, हा खरा पेच. कार्ल मार्क्सचा नातू जाँ लाँगे याने पॅरिसच्या पत्रांतून ओरड केली, जोरेससारखे पुढारी बोलले आणि अखेर फ्रान्सला आपला कैदी परत मागावा लागला. प्रकरण हेगच्या लवाद न्यायालयाकडे गेले. पाच न्यायाधीशांनी २४ फेब्रुवारी १९११ रोजी निर्णय दिला, तो असा की अटकेत अनियमितता झाली हे खरे, परंतु त्यामुळे कैदी परत करण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही. त्याआधीच मुंबईत पन्नास वर्षांची शिक्षा झालेली होती. फ्रान्सला तेव्हा इंग्लंडची मैत्री हवी होती, आणि आमच्या मते निकालाची शाई त्या मैत्रीत बुडवून काढलेली होती. लवादाला सावरकरांचे राजकारण तोलायचे नव्हते. प्रश्न एवढाच होता की उंबरठ्याच्या आत आलेला माणूस कोणाचा. त्याचे उत्तर नीट कधी दिले गेलेच नाही.

आणि तरीही चारच वर्षांनी याच गोद्यांनी हिंदी माणसांचे स्वागत केले! सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस लाहोर डिव्हिजनची पलटणे येथे उतरली, तेव्हा गावकऱ्यांनी फुले दिली. बोरेलीच्या बागेकडे त्यांचे तंबू पडले. तेथून ती उत्तरेच्या चिखलात लढावयास गेली. गावाच्या दक्षिणेला माझार्ग येथे त्यांचे स्मारक आहे. जेथे दहन झाले अशा दोनशे पाच हिंदी माणसांची नावे तेथील दगडांवर कोरली आहेत. स्मारक १९२५ साली उघडले. आम्ही तिसऱ्या दिवशी तेथे बराच वेळ उभे होतो. मराठी नाव शोधावे म्हणून वाचू लागलो. पण इंग्रज कारकुनाच्या कानाला ऐकू आले तसे लिहिलेले स्पेलिंग, त्यातून कोण कोठला हे ओळखणे कठीण. थोड्या वेळाने आम्ही शोध सोडला आणि सगळीच नावे वाचली.

चौथ्या दिवशी बस शेवटच्या थांब्यापर्यंत नेली. काललाँग हे कोळ्यांचे चिमुकले बंदर. येथे मार्सेलिसची डांबरी सडक संपते आणि जकातनाक्याच्या शिपायांची जुनी पायवाट सुरू होते. चोरटा माल उतरू नये म्हणून शिपाई या कड्यांवरून गस्त घालीत. २०१२ पासून हा सारा प्रदेश राष्ट्रीय उद्यान आहे. उन्हाळ्यात वणव्याचे भय असेल त्या दिवशी वाटा बंद करतात. दगडांवर पांढऱ्या-तांबड्या पट्ट्यांच्या खुणा आहेत, त्या धरून चालावे. सह्याद्रीचा काळा दगड पाय धरून ठेवतो. येथील पांढरा चुनखडक मात्र हजारो पायांनी घासून साबणासारखा झालेला आहे. आमच्यातील एकजण दोनदा बसला, तो कोण हे सांगत नाही. वाटेत पाण्याचा थेंब नाही. ओव्यासारख्या वासाची खुरटी झुडपे, मधूनच वाऱ्याने वाकविलेले देवदाराच्या जातीचे झाड, आणि खाली 'कालांक', म्हणजे समुद्र वर चढल्याने बुडालेल्या दऱ्या. त्यांत पाणी इतके स्वच्छ की होडीची सावली तळावर पडते.

तासाभराने मार्सेवेरची लहानशी गोट्यांची पुळण लागते. समोर समुद्रात उघडीबोडकी बेटे. त्यांपैकी एकाचे नाव जार.

२५ मे १७२० रोजी 'ग्राँ सँतांत्वान' हे जहाज पूर्वेकडून रेशीम आणि कापूस घेऊन मार्सेलिसला आले. वाटेत एक प्रवासी, काही खलाशी आणि जहाजाचा वैद्य मेला होता. लिव्होर्नोने त्याला आत घेतले नव्हते. असे जहाज जार बेटाशी वेगळे ठेवावे, माल महिनेच्या महिने उघड्या वाऱ्यावर पसरावा, हा मार्सेलिसचाच कडक नियम. पण मालाच्या भागीदारांत गावाचा पहिला नगरशासक एस्तेल होता, आणि जुलैत बोकेरची मोठी जत्रा भरायची होती. माल गावाजवळच्या विलगीकरण-आगारात उतरविण्यात आला. तेथले हमाल मेले, आणि चोरून बाहेर गेलेल्या कापडाबरोबर पिसवा गावात शिरल्या. जहाज जारला पाठविले ते जूनच्या अखेरीस. तोवर गावात माणसे मरू लागली होती. सप्टेंबरात ते तेथेच जाळून टाकण्यात आले. पाणबुड्यांना त्याचे अवशेष १९७८ साली सापडले.

१८९७ चे पुणे ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे त्यांना प्लेगच्या नियमांविषयी काही निराळे आठवेल. तेथे गोऱ्या सोल्जरांच्या बुटांनी नियम माजघरापर्यंत आला. येथे, मार्सेलिसला, तोच नियम मालकाच्या गाठोड्यापुढे वाकला. कापसाची गाठ आत आली. पोहून आलेला माणूस बाहेर गेला.

आम्ही पुळणीवर बसून राहिलो. जार बेटावर झाड नाही, घर नाही, फक्त समुद्रपक्षी. ऊन कलले तसा त्याचा पांढरा खडक पिवळा झाला. परतीची वाट तासाभराची, आणि शेवटची बस चुकवून चालणार नव्हते. बाटलीत चार घोट पाणी उरले होते. तेवढ्यात पलीकडच्या वाटेने एक अनोळखी तरुण उतरला. तो घामाघूम झाला होता आणि त्याच्या हातातली बाटली रिकामी होती. आम्ही आपली बाटली पुढे केली. त्याने दोन घोट घेतले, उरलेले आम्हांला परत दिले, आणि आम्ही उठलो.