इनामगावची घरे

प्राचीन इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या डोळ्यांसमोर येतात. पण ज्यांना लिहिता येत नव्हते, त्यांचा इतिहास कोठे वाचावा? पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील घोड नदीकाठच्या इनामगावी तो जमिनीत वाचावयास मिळाला. डेक्कन कॉलेजतर्फे १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन झाले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी या संशोधकांनी ते केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील १३० हून अधिक घरे उजेडात आली.

घरे सापडली म्हणजे उभ्या भिंती सापडल्या असे मात्र नव्हे. कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर तीन हजार वर्षे कोठून टिकणार? उरतात ती खांबांची भोके. खांब कुजून जातो व त्या जागी निराळ्या रंगाची भुसभुशीत माती साचते. ती हलक्या हाताने काढली की ओळीने भोके दिसू लागतात आणि घराचा आकार कळतो. आत चोपलेली जमीन, चूल, धान्याचा रांजण टेकवण्यासाठी मांडलेले चपटे दगड. विद्यार्थ्यांना नाणी व मूर्ती पाहाव्याशा वाटतात. माझ्या मते असे एक भोक त्यांच्याहून अधिक बोलके आहे.

आरंभीची घरे चौकोनी व ऐसपैस, सुमारे ७ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद. पुढे जोर्वे काळात एक घर तर पाच खोल्यांचे आढळले, शेजारीच धान्याचे कोठार. ते गावप्रमुखाचे असावे असा तर्क आहे. शेतीसाठी पाट खणलेला होता; जव हे मुख्य पीक.

इ. स. पूर्व १००० च्या सुमारास चित्र पालटले. चौकोनी घरे गेली आणि जेमतेम ३ मीटर व्यासाच्या गोल झोपड्या आल्या. पाऊस उणावला, शेती खालावली आणि लोक शिकार व गुराढोरांवर अधिक विसंबू लागले, असे उत्खनन करणाऱ्यांचे मत आहे. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

एक रीत मात्र टिकली. मूल दगावले की त्याला दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्या जमिनीखालीच दफन करीत. ऐसपैस घरात तसेच गोल झोपडीतही.