लो बॉनेट, हाय बॉनेट : ठाणे-कल्याणमधल्या जीपच्या पिढ्या

अमेरिकी लष्कराच्या दप्तरात जीपची नोंद मोटार म्हणून नाही, ‘पाव टनी, चार बाय चार ट्रक’ म्हणून आहे. जुन्या अमेरिकी ट्रकांचे शौकीन जगभर आहेत. अमेरिकेत त्यांचा ओढा मुख्यतः १९४७ ते १९५५ आणि १९६७ ते १९७२ या दोन पिढ्यांच्या शेव्हरोले पिकअपकडे असतो. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात मात्र हा शौक जवळजवळ सगळाच या सर्वांत लहान ट्रकभोवती जमला, आणि त्यातही मोजक्या पिढ्यांभोवती. कोणती पिढी घ्यावी हे ठरवताना इथे रूपापेक्षा पत्रा, सुटे भाग आणि आरसी बुक यांचाच विचार जास्त होत आला.

मोठे अमेरिकी ट्रक इथे नव्हते असे नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून कुर्ल्यात डॉज, डिसोटो आणि फार्गो हे ट्रक जुळवायला सुरुवात केली. बिल्ले तीन, पण गाडी मुळात एकच. पुढे १९५४ मध्ये जनरल मोटर्सने इथला गाशा गुंडाळला आणि त्याच वर्षी टाटांचा डाइमलर-बेंझशी करार झाला. डिझेल ट्रक आल्यावर पेट्रोल पिणारा अमेरिकी ट्रक घाटात परवडेनासा झाला. डॉज-फार्गोंवर पर्किन्सची डिझेल इंजिने चढली, तरी ट्रक हे शेवटी कमाईचे साधन. थकला की तो भंगारात जाई, कोणी हौसेने दारात ठेवत नसे. शिवाय एवढे धूड उभे करायला चाळीत किंवा सोसायटीत जागा कुठली?

जीपचे तसे झाले नाही. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी संक्रमण छावणी उभी राहिली होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी तिथे नव्या शहराची कोनशिला बसवली आणि त्याला उल्हासनगर हे नाव मिळाले. पण वस्त्यांची ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘पाच’ ही नावे लष्कराच्या काळाची आठवण देत राहिली. युद्धात वापरलेल्या जीप देशभर डिस्पोजलच्या लिलावांत निघाल्या आणि जमीनदार, कंत्राटदार, शिकारी यांच्या हाती गेल्या.

युद्धातली ही जीप विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त संख्येने बनवली. तिचे इंजिन २,१९९ सीसीचे, साठ अश्वशक्तीचे, सगळ्या झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेले आणि म्हणून बसके. इंजिन बसके, त्यामुळे बॉनेटही बसके. शौकिनांच्या बोलीत ही ‘लो बॉनेट’. युद्धानंतर नागरी वापरासाठी निघालेल्या सीजे-२ए आणि सीजे-३ए याच घराण्यातल्या. लष्करी गाडीच्या जाळीला नऊ फटी, नागरी गाडीला सात. लष्करी गाडीचे दिवे जाळीच्या आत बसवलेले आणि उलटे फिरवून इंजिनावर उजेड पाडता येईल असे, तर नागरी गाडीचे दिवे पुढे आलेले. फोर्डने आपल्या जीपच्या बोल्टांवरसुद्धा ‘एफ’ हे अक्षर उठवले होते. लो बॉनेटचा खरा चाहता गाडीपुढे उकिडवा बसून आधी ते अक्षर शोधतो. या पिढीचे आकर्षण इतिहासाचे आहे आणि तिची अडचणही तीच. ऐंशी वर्षांच्या दुरुस्त्यांनंतर एका गाडीची चेसी, दुसरीची जाळी आणि तिसरीचे इंजिन एकत्र आलेले असते, त्यामुळे अस्सल नग विरळा आणि भाव त्याच अस्सलपणाला मिळतो.

या भागात सर्वाधिक रुजली ती पुढची पिढी, सीजे-३बी म्हणजे ‘हाय बॉनेट’. महिंद्रांनी १९४९ मध्ये माझगावला विलिसच्या सुट्या भागांतून जीप जुळवायला सुरुवात केली, मग टप्प्याटप्प्याने भाग इथेच बनू लागले आणि उत्पादन कांदिवलीला स्थिरावले. अमेरिकेत सीजे-३बी १९५३ मध्ये आली. तिच्या नव्या ‘हरिकेन’ इंजिनात सिलिंडरचा व्यास आणि दट्ट्याची धाव पूर्वीचीच होती, पण आत घेणाऱ्या झडपा वर, सिलिंडर हेडमध्ये गेल्या होत्या. ताकद सत्तरच्या पुढे गेली आणि इंजिनाची उंचीही वाढली. मग कंपनीने सर्वांत सोपा मार्ग धरला : बाकी गाडी तशीच ठेवून बॉनेट वर उचलले. अमेरिकेत अनेकांना हे रूप बेंगरूळ वाटले. तिथे गोल मडगार्डची सीजे-५ लोकप्रिय झाली आणि १९६८ मध्ये सीजे-३बी बंद पडली. भारतात मात्र तीच मुख्य जीप ठरली आणि पुढे कित्येक वर्षे बनत राहिली. गटविकास अधिकाऱ्याची जीप, तहसीलदाराची जीप, निवडणुकीत कर्णा बांधून फिरणारी जीप, या सगळ्या बहुतेक याच ठशाच्या.

तिच्या लोकप्रियतेचे मोठे कारण म्हणजे तिचा सपाटपणा. मडगार्ड सपाट, बाजू सपाट, मजल्याचा पत्राही जवळपास सपाट. खाडीकाठच्या दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात गाडीचा तळ गंजणारच. तो कापून नवा पत्रा वाकवायला आणि वेल्डिंग करायला ठाण्यातल्या कुठल्याही बऱ्या डेंटरला साचा लागत नाही. गोल मडगार्डची गाडी असती तर ही मुभा मिळाली नसती. पाटे, एक्सल आणि गिअरबॉक्स यांचे मूळ आराखडे दशकानुदशके फारसे बदलले नाहीत, म्हणून एका वर्षाच्या गाडीचा भाग दुसऱ्या वर्षाच्या गाडीला थोड्या खटपटीने बसतो. भागांसाठी कुर्ल्याचा भंगार बाजार आणि मुंबईचा चोर बाजार हाताशी. उल्हासनगरच्या मालावरच्या ‘मेड इन यूएसए’ या शिक्क्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा सांगणारा विनोद सर्वश्रुत आहे. अमेरिकी जीप देशी भागांवर धावते, तेव्हा तो विनोद अगदीच चुकीचा वाटत नाही.

तेलाचे भाव १९७३ नंतर भडकले आणि पेट्रोल जीप परवडेनाशी झाली. मालकांनी जुन्या गाड्यांत मिळेल ते डिझेल इंजिन बसवले, मॅटॅडोरचे तर बरेचदा. महिंद्रांनी आधी आपल्या ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपमध्ये घातले. १९७९ मध्ये त्यांनी फ्रान्सच्या प्यूजोकडून एक्सडीपी ४.९० या इंजिनाचा परवाना घेतला. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, हे त्या नावातच आहे. क्षमता २,११२ सीसी. ही इंजिने कसारा घाटाच्या माथ्यावर इगतपुरीला बनू लागली. एकीकडे कांदिवली, दुसरीकडे इगतपुरी आणि मधल्या पट्ट्यात ठाणे-कल्याण, त्यामुळे या गाडीची नस ओळखणारे मिस्त्री इथे तयार झाले. (प्यूजो पुढे स्वतःच कल्याणला आली. प्रीमियरच्या इथल्या कारखान्यात १९९४ पासून ३०९ ही मोटार बनू लागली, पण तीन-चार वर्षांतच तो संसार मोडला.)

हे इंजिन घेऊन १९८० च्या दशकात आलेली एमएम-५४० ही शौकिनांची तिसरी आवडती पिढी. चाकांतले अंतर सीजे-३बीच्या ८० इंचांवरून ९१ इंचांवर गेले, त्यामुळे मागे माणसे नीट बसतात आणि वळणावर गाडी कमी उड्या मारते. मुरबाडवरून माळशेज घाट चढायचा, बारवी धरणाच्या बाजूला चिखलात उतरायचे, अशी ज्यांची आवड आहे ते लो बॉनेटच्या फंदात पडत नाहीत. त्यांना रविवारी सकाळी हीटर तापवून पहिल्या सेल्फला सुरू होणारी ५४० लागते.

याच घराण्यातल्या लांब चेसीच्या कमांडरला मात्र कोणी शौकीन लाभला नाही. शहापूर, मुरबाड, कसारा या भागांत काळ्या-पिवळ्या रंगात, दारात लोंबकळणाऱ्या उतारूंसह, एसटी न पोचणाऱ्या पाड्यांपर्यंत तीच धावली. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण इतिहासात तिचे स्थान हाय बॉनेटपेक्षा मोठे मानावे लागेल. पण ती मरेपर्यंत राबवली गेली, आणि राबणाऱ्या गाडीची कोणी मनोभावे रंगरंगोटी करत नाही.

अलीकडे या पसंतीवर कायद्याचाही हात पडला आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत वाहनमालकाला मनमानी बदल करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणाहून बांधून आणलेल्या चकचकीत जीपपेक्षा, एमएच-०४ किंवा एमएच-०५ च्या कागदांवरचे इंजिन आणि चेसी नंबर गाडीशी जुळणारी मळकी जीप शहाणा ग्राहक पसंत करू लागला. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ दर्जा दिला. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे आणि वापर फक्त प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन अशा कामांपुरता. पण मूळ रचनेत मोठा बदल झालेली गाडी या दर्जात बसत नाही. त्यामुळे एके काळी शहाणपणाचा मानलेला डिझेल बदल आता गाडीची किंमत उतरवतो, आणि पेट्रोलचे हरिकेन इंजिन जागेवर असलेली सीजे-३बी अचानक मागणीत आली आहे.

सपाट मडगार्डचा वारसा महिंद्रांच्या थारने २०१० नंतरही चालवला. अमेरिकेत मात्र त्याच घाटाच्या, महिंद्रांच्याच रॉक्सर या गाडीवर जीपचे नाव बाळगणाऱ्या फियाट क्रायस्लरने २०१८ मध्ये तक्रार केली, आणि महिंद्रांना गाडीचा चेहरा बदलावा लागला. तोवर फियाट क्रायस्लरची स्वतःची जीप पुण्याजवळ रांजणगावला बनू लागली होती. पहिल्या थारमध्येही शौकिनांचे दोन तट आहेत. सीआरडीई गाडीचे इंजिन जोरकस, पण तिच्या पुढच्या चाकांचे सस्पेन्शन स्वतंत्र. साध्या डीआय गाडीत पुढेही अखंड एक्सल आणि पाटे आहेत. हाय बॉनेटवर हात बसलेले मिस्त्री गिऱ्हाइकाला डीआयच सुचवतात.