आभासी यंत्रांचे चालू स्थलांतर

आभासी यंत्राचे चालू स्थलांतर, म्हणजेच लाइव्ह मायग्रेशन, ही एका प्रत्यक्ष संगणकावर काम करीत असलेले आभासी यंत्र चालू अवस्थेतच दुसऱ्या प्रत्यक्ष संगणकावर हलविण्याची प्रक्रिया होय. या प्रक्रियेत यंत्र अल्पकाळ थांबते. परंतु हा थांबा इतका लहान ठेवला जातो की वापरकर्त्यास तो सहसा जाणवत नाही. स्थलांतराचा सर्वांत कठीण भाग मेमरीचे हस्तांतरण हा आहे.

== पार्श्वभूमी ==

आभासी यंत्र, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, हा सॉफ्टवेअरने निर्माण केलेला संगणक असतो. एका प्रत्यक्ष संगणकावर अशी अनेक यंत्रे हायपरव्हायझर या प्रणालीच्या देखरेखीखाली चालतात. प्रत्यक्ष संगणकाची दुरुस्ती करणे, त्यावरील भार हलका करणे किंवा कमी वापराचे संगणक बंद करून वीज वाचविणे यांसाठी आभासी यंत्रे हलवावी लागतात.

प्रोसेसरची स्थिती आकाराने लहान असल्यामुळे ती चटकन पाठविता येते. डिस्क बहुधा दोन्ही संगणकांना सामायिक अशा साठ्यावर असते, त्यामुळे ती हलवावी लागत नाही. नेटवर्कला यंत्राचे नवे ठिकाण एका लहानशा संदेशाने कळविले जाते. मेमरी मात्र अनेक गिगाबाइटची असते आणि पाठवीत असतानाच बदलत राहते. एक कारकून खतावणीत नोंदी करीत असताना दुसऱ्याने त्याच खतावणीची नक्कल उतरवून घ्यावी, तसा हा प्रकार आहे. नक्कल झालेल्या पानावर पुन्हा नोंद झाली की ते पान परत उतरवावे लागते.

== इतिहास ==

ही कल्पना आभासी यंत्रांपूर्वी चालू प्रोग्रॅमच्या स्थलांतरासाठी वापरली गेली. स्टॅनफर्ड विद्यापीठातील 'व्ही' प्रणालीत १९८५ मध्ये प्रोग्रॅम चालू असतानाच त्याची मेमरी आधी पाठविण्याची पद्धत मांडण्यात आली. आधी प्रोग्रॅम हलवून त्याची पाने गरजेनुसार मागविण्याची उलट पद्धत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'ॲक्सेंट' प्रणालीत १९८७ मध्ये अभ्यासली गेली. व्हीएमवेअर कंपनीने २००३ मध्ये 'व्हीमोशन' ही सुविधा बाजारात आणली. २००५ मध्ये क्रिस्टोफर क्लार्क, कीर फ्रेझर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'झेन' या हायपरव्हायझरवरील चालू स्थलांतराचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात खेळ चालू असलेला 'क्वेक ३'चा सर्व्हर सुमारे ६० मिलिसेकंदांच्या विरामात हलविल्याची नोंद आहे.

== पूर्वप्रत पद्धत ==

यंत्र थांबवून सर्व मेमरी पाठविणे हा सर्वांत सोपा मार्ग होय. पण १६ गिगाबाइट मेमरी सेकंदाला १० गिगाबिट, म्हणजे १.२५ गिगाबाइट, वेगाच्या जोडणीवरून पाठविण्यास १२.८ सेकंद लागतात. एवढ्या वेळात चालू व्यवहार तुटू शकतात.

पूर्वप्रत पद्धतीत यंत्र चालू ठेवून पहिल्या फेरीत सर्व मेमरी पाठविली जाते. त्या काळात बदललेली पाने दुसऱ्या फेरीत, दुसऱ्या फेरीत बदललेली तिसऱ्या फेरीत, असे चालते. कोणती पाने बदलली हे ओळखण्यासाठी हायपरव्हायझर प्रत्येक पानामागे एका बिटची नोंद ठेवतो. पान ४ किलोबाइटचे धरल्यास १६ गिगाबाइट मेमरीची सुमारे ४२ लाख पाने होतात आणि त्यांची नोंद केवळ ५१२ किलोबाइटमध्ये मावते. उरलेली पाने ठरलेल्या विरामात पाठविता येतील इतकी कमी झाली की यंत्र थांबवून ती पाने व प्रोसेसरची स्थिती पाठविली जाते आणि यंत्र नव्या ठिकाणी पुढे चालू होते.

=== उदाहरण ===

वरील यंत्र सेकंदाला ०.२५ गिगाबाइट मेमरी बदलते आणि कमाल विराम ३०० मिलिसेकंद ठरविला आहे, असे समजू.

* पहिली फेरी : १६ गिगाबाइट, १२.८ सेकंद, या काळात ३.२ गिगाबाइट बदलले.
* दुसरी फेरी : ३.२ गिगाबाइट, २.५६ सेकंद, ०.६४ गिगाबाइट बदलले.
* तिसरी फेरी : ०.६४ गिगाबाइट, ०.५१२ सेकंद, ०.१२८ गिगाबाइट बदलले.
* अंतिम टप्पा : यंत्र थांबवून ०.१२८ गिगाबाइट, सुमारे १०२ मिलिसेकंद.

प्रत्येक फेरी आधीच्या फेरीच्या एक पंचमांश होते; म्हणजे ही एक भूमिती श्रेढी आहे. एकूण सुमारे २० गिगाबाइट माहिती पाठविली गेली. म्हणजेच थांबा १२.८ सेकंदांवरून एक दशांश सेकंदावर आणण्यासाठी मेमरीच्या सव्वापट वाहतूक करावी लागली.

जोडणी सेकंदाला १ गिगाबिटची, म्हणजे ०.१२५ गिगाबाइटची असेल, तर पाने जितक्या वेगाने पाठविली जातात त्याच्या दुप्पट वेगाने बदलतात. प्रत्यक्षात यंत्र बरेचदा तीच ती पाने पुन्हा पुन्हा बदलत असते. त्यामुळे उरलेली पाने अमर्याद वाढत नाहीत. पण सतत बदलणाऱ्या पानांचा हा संच मोठा असेल तर फेऱ्या कितीही केल्या तरी शेवट येत नाही.

== हस्तांतरण कमी करण्याचे उपाय ==

'''कोरी पाने वगळणे.''' ज्या पानावर केवळ शून्ये आहेत, त्याऐवजी एक लहान खूण पाठविली जाते.

'''फरक पाठविणे.''' पानाची आधी पाठविलेली प्रत जपून ठेवून नव्या प्रतीशी तिची तुलना करतात आणि केवळ बदललेले बाइट पाठवितात. पानातील थोडाच भाग बदलत असेल तर याचा मोठा लाभ होतो. मात्र जुन्या प्रतींसाठी मूळ संगणकावर अधिक मेमरी लागते.

'''संक्षेप.''' पान दाबून लहान केल्यास वाहतूक घटते, परंतु प्रोसेसरचे काम वाढते. जोडणी वेगवान असल्यास संक्षेपामुळेच उशीर होण्याचा संभव असतो.

'''समांतर जोडण्या.''' एकच जोडणी वेगवान नेटवर्कचा पूर्ण उपयोग करू शकत नसल्यास पाने अनेक जोडण्यांवर वाटून पाठवितात.

'''यंत्राचा वेग कमी करणे.''' फेऱ्या संपत नसतील तर आभासी प्रोसेसरला मिळणारा वेळ टप्प्याटप्प्याने कमी केला जातो, म्हणजे पाने बदलण्याचा वेगही मंदावतो. 'क्यूएमयू' या प्रणालीत ही सोय आहे. यात स्थलांतर पूर्ण होते, पण त्याची किंमत वापरकर्त्यास मंद सेवेच्या रूपाने द्यावी लागते.

== उत्तरप्रत पद्धत ==

उत्तरप्रत पद्धतीत क्रम उलटा असतो. प्रथम प्रोसेसरची स्थिती पाठवून यंत्र नव्या ठिकाणी लगेच चालू केले जाते आणि मेमरी मागाहून येते. न आलेल्या पानाची गरज पडली की ते जुन्या संगणकाकडून मागविले जाते. उरलेली पाने पार्श्वभूमीवर येत राहतात. आभासी यंत्रांसाठी ही पद्धत बिंगहॅम्टन विद्यापीठातील मायकेल हाइन्स व कार्तिक गोपालन यांनी २००९ मध्ये मांडली. प्रत्येक पान एकदाच पाठवावे लागत असल्याने स्थलांतर निश्चितपणे संपते. मात्र मागविलेले पान येईपर्यंत काम खोळंबते व आरंभी यंत्र मंद चालते.

याहून गंभीर प्रश्न सुरक्षिततेचा आहे. पूर्वप्रत पद्धतीत मध्येच अडथळा आल्यास मूळ यंत्र जागेवर चालूच असते. उत्तरप्रत पद्धतीत यंत्राची ताजी स्थिती दोन संगणकांत विभागलेली असते. त्यांपैकी एकही कोसळला तर यंत्राची चालू स्थिती नष्ट होते. म्हणून व्यवहारात बहुधा संमिश्र पद्धत वापरतात. तीत एक-दोन फेऱ्या पूर्वप्रत पद्धतीने करून बहुतेक पाने आधी पोहोचविली जातात व नंतरच यंत्र हलविले जाते. त्यामुळे धोक्याचा कालावधी कमी होतो, पण पूर्णपणे टळत नाही.

== गोपनीयता ==

मेमरीत पासवर्ड, सांकेतिक किल्ल्या व खाजगी माहिती उघड्या स्वरूपात असू शकते. स्थलांतराची वाहतूक सांकेतिक न केल्यास मार्गातील व्यक्ती ती वाचू वा बदलू शकते, हे मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. यासाठी स्वतंत्र नेटवर्क किंवा सांकेतिकीकरण वापरतात. सांकेतिकीकरणामुळे प्रोसेसरवरील भार वाढतो.

== पद्धतीची निवड ==

विरामकाळ, एकूण कालावधी, वाहतुकीचे प्रमाण व अपयशाचा धोका हे चार निकष परस्परांना छेद देतात. सर्व निकषांवर सरस ठरेल अशी एकच पद्धत नाही. मेमरी सावकाश बदलणाऱ्या यंत्रासाठी साधी पूर्वप्रत पद्धत पुरेशी व सुरक्षित असते. मोठ्या डेटाबेससारख्या, मेमरीत सतत लेखन करणाऱ्या यंत्रासाठी फरक पाठविणे, वेग कमी करणे किंवा संमिश्र पद्धत यांतून निवड करावी लागते. त्यामुळे स्थलांतरापूर्वी यंत्राचा पाने बदलण्याचा वेग मोजून तो जोडणीच्या वेगाशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.