धूपदाळचे पाणपक्षी आणि कॅमेरा

बेळगाव जिल्ह्यातील पाणपक्ष्यांचे सर्वांत नावाजलेले ठिकाण म्हणजे गोकाक तालुक्यातील धूपदाळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घटप्रभेवर इथे बंधारा घातला गेला, तो शेतीच्या पाण्यासाठी. अडलेले पाणी पसरले, गाळ साचला, लव्हाळे वाढले आणि हिवाळ्यात कांड्या करकोचे व पांढरे करकोचे उतरू लागले. बेळगावजवळचा राकसकोप जलाशय, निपाणीचा जवाहर तलाव हे जलसाठेही माणसानेच घडवलेले. कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागातील पाणपक्ष्यांचा इतिहास म्हणूनच पाटबंधाऱ्यांच्या इतिहासाशी जोडलेला आहे.

इथल्या पक्ष्यांची सुरुवातीची पद्धतशीर नोंद बंदुकीने झाली. लष्करी अधिकारी ई. ए. बटलर यांची दख्खन व दक्षिण मराठा मुलुखातील पक्ष्यांची यादी 1881 साली पक्षीतज्ज्ञ ह्यूम यांच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात आली. त्या काळी पक्षी मारून त्याचे कातडे जपले, की नोंद पक्की मानली जाई. पुराव्याची ही जबाबदारी पुढे हळूहळू छायाचित्रावर आली.

सुरुवातीला कॅमेऱ्याला ती पेलणे कठीण होते. काचेच्या प्लेटा मंद, भिंगे जड. म्हणून छायाचित्रकार घरट्याजवळ आडोसा बांधून बसत, कारण पक्षी नेमक्या जागी परत येईल अशी खात्री तिथेच असे. रेल्वेत नोकरी केलेल्या ई. एच. एन. लोथर यांचे भारतातील पक्षी-छायाचित्रणावरील पुस्तक 1949 साली निघाले, ते याच पद्धतीच्या काळातले. या पद्धतीची किंमत पक्ष्यांनाही मोजावी लागे. आडोसा घाईने पुढे सरकवला किंवा घरट्यावरची फांदी बाजूला केली, तर पालक पक्षी बिचकत वा पिले उन्हात उघडी पडत. पुढे बेंगळुरूच्या टी. एन. ए. पेरुमाळ आणि ई. हनुमंत राव यांनी कर्नाटकात या कलेला मान मिळवून दिला.

फिल्मच्या काळात खर्च मोठा होता. परदेशी कॅमेरे व लांब पल्ल्याची भिंगे सहज मिळत नसत; उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कृष्णधवल रोल मात्र आवाक्यातला होता. रोलमध्ये 36 चित्रे, म्हणजे प्रत्येक वेळी बटण दाबण्याआधी विचार. चित्रांवरचे संस्करण तेव्हाही होतेच. डार्करूममध्ये एन्लार्जरखाली हाताच्या सावलीने एखादा भाग उजळ राखत, दुसऱ्यावर जास्त प्रकाश सोडून तो गडद करत. स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलीने ‘टचिंग’ चाले.

शिकारीला आळा घातला तो 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. 1974 साली धूपदाळ परिसरात घटप्रभा पक्षी अभयारण्य जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे 29.78 चौरस किलोमीटर. पुढे डिजिटल कॅमेरे आल्यावर घरट्याजवळ बसण्याची गरज संपली. शेकाट्या उडताना, बगळा मासा टिपताना, पाणकावळा पंख वाळवताना, असे पक्ष्याचे वागणे दुरूनच टिपता येऊ लागले. पक्ष्यांच्या दृष्टीने या कलेतील हा सर्वांत मोलाचा बदल.

पाणथळीतला प्रकाश अवघड असतो. काळपट चिखलासमोर पांढरा बगळा असला, की कॅमेऱ्याचा मीटर चिखल पाहून जास्त प्रकाश घेतो आणि पिसांचा तपशील पांढऱ्यात विरून जातो. एकदा गेलेला हा तपशील संगणकावर परत आणता येत नाही. म्हणून टिपतानाच प्रकाश किंचित कमी ठेवतात, रॉ (प्रक्रिया न केलेली) फाइल घेतात आणि नंतर सावल्या उजळतात. ढगाळ सकाळी निळसर झालेला रंग सुधारणे, दाणे कमी करणे, कडेचा भाग कापणे, सेन्सरवरच्या धुळीचे डाग पुसणे ही कामेही मग होतात.

या सुधारणांना मर्यादा मात्र आहे, आणि ती बटलरच्या काळातल्या पुराव्याच्या आग्रहाशी नाते सांगते. निसर्ग-छायाचित्रणाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत चित्रातील वस्तू काढणे, घालणे वा हलवणे निषिद्ध आहे. आड येणारी लव्हाळ्याची काडीही पुसता येत नाही. ई-बर्डसारख्या पक्ष्यांच्या ऑनलाइन नोंदवहीत दुर्मीळ पक्ष्याची नोंद तपासताना छायाचित्र मोठा आधार ठरते. तुतवारांच्या जवळच्या जाती चोच, पायांचा रंग आणि पिसांच्या कडा पाहून ओळखतात. संगणकावर रंग जरा जास्त चढवला, तर पिवळसर पाय नारिंगी दिसतात आणि ओळख चुकू शकते. म्हणून जाणकार छायाचित्रकार देखण्या चित्राबरोबर मूळ फाइलही तारीख-ठिकाणासह जपून ठेवतात.