वर्गणीची वही आणि गावाची पाहणी

स्मरणिका समितीने यंदा माझ्याकडे इतिहासावरचा लेख मागितला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर शहाजीराजेच आले. १६३८ साली बंगळूर आदिलशाहीकडे आले, राजांना ही जहागीर मिळाली, आणि तेव्हापासून मराठी माणूस इथे आहे, हे आपण दरवर्षी वाचतो आणि दरवर्षी आपल्याला बरे वाटते. पण त्यावर माझ्यापेक्षा चांगले लिहिणारे मंडळात आहेत. मी दुसऱ्याच एका इतिहासाबद्दल लिहिणार आहे. गावोगाव आणि घरोघर जाऊन, ओसरीवर बसून, "तुमच्या घरात माणसे किती, खाता काय, कर्ज किती?" असे विचारत फिरलेल्या माणसांचा हा इतिहास. त्याचा आपल्या बोम्मसंद्र्याच्या मंडळाशी काय संबंध, ते पुढे येईलच.

प्रथमच सांगतो, समाजशास्त्र हा माझा विषय नाही. मी सिव्हिलचा डिप्लोमावाला. आमच्या अभ्यासात 'सर्व्हे' म्हणजे डंपी लेव्हल, स्टाफ आणि उन्हात उभे राहणे. माणसांचाही सर्व्हे असतो हे मला नोकरीत कळले, आणि तेही चूक करून.

रेल्वेच्या फाटकावर ठराविक वर्षांनी वाहतुकीची मोजणी होते. सात दिवस, रात्रंदिवस माणूस बसवायचा. दिवसाला किती गाड्या आणि किती वाहने, त्यांचा गुणाकार करायचा. त्या आकड्यावरून फाटकाचे महत्त्व ठरते. मोटारीला एक एकक, बैलगाडीलाही एक, रिक्षाला अर्धे. पायी चालणाऱ्याला रकानाच नाही. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका विभागात, एका गावाच्या फाटकाची अशी मोजणी मी केली. आकडा कमी आला. फाटक बंद करून थोड्या अंतरावर, जिथे भराव उंच होता तिथे, भुयारी मार्ग करण्याचा प्रस्ताव मीच लिहिला. इंजिनिअरिंगच्या दृष्टीने जागा उत्तम होती. पण गावातल्या बाया शेताकडे जायच्या त्या जुन्या फाटकावरूनच, डोक्यावर भारा घेऊन. त्या तशाच जात राहिल्या. तिसऱ्या वर्षी त्याच जागी एक बाई गाडीखाली आली. कागदावर 'अनधिकृत प्रवेश' असे लिहिले गेले. लिहिणारा मीच होतो.

त्यानंतर मी या विषयावरचे जे मिळेल ते वाचू लागलो. वाचता वाचता लक्षात आले की, आपल्या देशात गावाची नीट पाहणी करण्याची सुरुवात ज्या काही ठिकाणी झाली, त्यांतली काही अगदी आपल्या पुण्याभोवतीची आहेत.

पहिले गाव लोणीकंद, नगर रस्त्यावरचे. पेशवाई संपून दोनच वर्षे झाली होती. थॉमस कोट्स नावाचा एक इंग्रज डॉक्टर पुण्याच्या रेसिडेन्सीत होता. त्याने लोणी गावाची सगळी माहिती लिहून काढली. घरे कशी, औते कोणती, बलुतेदार कोण, लोक नेसतात काय, जेवतात काय. मुंबईच्या लिटररी सोसायटीने ती १८२३ मध्ये छापली. राज्य नवे होते, महसूल हवा होता, म्हणून ही चौकशी, असे कोणी म्हणेल आणि ते खोटेही नाही. तरी त्या निमित्ताने १८२० च्या सुमारास एका मराठी खेड्याची भाकरीसुद्धा कागदावर आली.

दुसरे गाव पिंपळे सौदागर. हे नाव आज आपल्यापैकी अनेकांना फ्लॅटच्या भावामुळे ठाऊक आहे. शंभर वर्षांपूर्वी ते पवनेकाठचे साधे खेडे होते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. माती तपासणारा हा माणूस. त्यांनी आपल्या मराठी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन हे गाव तपासले आणि १९१७ मध्ये त्यावर पुस्तक काढले. जुने दप्तर काढून त्यांनी दाखवले की १७७१ मध्ये गावातल्या खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती, ती १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आली. तेव्हा १५६ खातेदार होते आणि जमिनीचे तुकडे होते सातशेहून अधिक. त्यांतले ४६३ तुकडे एक एकराहूनही लहान होते. म्हणजे एका माणसाची सात एकर जमीन, तीही चार-पाच ठिकाणी विखुरलेली. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर बैल नेण्यातच दिवस जायचा. तोवर साहेब लोक आणि आपले पुढारीही म्हणायचे, शेतकरी आळशी आहे, लग्नात उधळतो, म्हणून कर्जात आहे. मॅन यांनी घराघराचा जमाखर्च मांडला. गावातल्या बहुसंख्य घरांचा हिशेब जमतच नव्हता, लग्न असो वा नसो. ज्यांचा जमत होता त्यांतल्या पुष्कळांचा बाहेरच्या कामावर जमत होता. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना जवळच होता.

मला सगळ्यांत आवडली ती पुढची गोष्ट. पिंपळे सौदागर पुण्याच्या फार जवळचे, शहराचा वारा लागलेले. त्यावरून साऱ्या दख्खनचे कसे सांगणार? म्हणून मॅन यांनी कानिटकरांना बरोबर घेऊन शहरापासून लांबचे जातेगाव बुद्रुक निवडले, तिथे पुन्हा पहिल्यापासून पाहणी केली आणि १९२१ मध्ये दुसरे पुस्तक काढले. आमच्या खात्यात याला 'क्रॉस चेक' म्हणतात. दुसऱ्याचा करायला सगळे तयार असतात. स्वतःचा करणारे थोडे.

या तुकड्यांवर उपाय काय, यावर तेव्हा मोठी चर्चा झाली. १९१८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान धारणांवर एक इंग्रजी निबंध लिहिला. नुसते तुकडे जोडून काही होणार नाही, जमिनीवर माणसांचा भार जास्त आहे, तो उद्योगांनी उचलला पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तेव्हा ते तिशीच्याही आतले होते. तुकडेबंदीचा आणि एकत्रीकरणाचा कायदा मुंबई राज्यात १९४७ मध्ये आला. आपले काय? लातूर, नांदेड, सांगली, सोलापूरकडून इथे होसूर रोडच्या कारखान्यांत आलेल्या आपल्यातल्या कोणालाही विचारा. दोन-तीन भाऊ, चार एकर, विहीर सामाईक. बाबासाहेबांचा तो निबंध म्हणजे आपल्या पगाराच्या स्लिपची प्रस्तावनाच आहे, असे मला वाटते.

समाजशास्त्र कॉलेजात आले ते १९१९ मध्ये, मुंबई विद्यापीठात. पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस, नगररचनाकार. आधी पाहणी करा, मग आराखडा, हा त्यांचा आग्रह. त्यांच्यानंतर १९२४ पासून विभाग सांभाळला तो आपल्या मालवणच्या गोविंद सदाशिव घुर्ये यांनी. त्यांचा जन्म १८९३ चा, म्हणजे लोकमान्यांनी ज्या वर्षी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली त्याच वर्षीचा. घुर्ये यांनी आपल्या विद्यार्थ्यांना भारतभर पसरवले. आणि स्वतः सव्वाशे वर्षांनंतर पुन्हा त्याच लोणीकंदला जाऊन कोट्सच्या वर्णनाशी ताडून पाहिले. ते पुस्तक १९६० मध्ये आले. त्यांचे एक विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास म्हैसूरचे. म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून त्यांनी वर्षानुवर्षे टिपणे तयार केली आणि १९७० मध्ये अमेरिकेत ती आगीत जळाली. मग आठवणीतून पुस्तक लिहिले, ते १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे ते आपल्याच बंगळुरात राहिले आणि १९९९ मध्ये इथेच वारले. मालवणी गुरू, म्हैसुरी शिष्य. सीमेच्या वादात ही जोडी कोणाला आठवत नाही. असो.

घुर्ये यांच्या दुसऱ्या विद्यार्थिनी इरावतीबाई कर्वे. 'युगान्त'मुळे त्या घरोघरी माहीत आहेत. पण माझ्या घरी त्यांचे नाव वेगळ्या कारणाने पोचायला हवे होते आणि पोचले नाही. माझे आजोळ कोयनेच्या पाण्याखाली आहे. धरणाचे काम १९५६ मध्ये सुरू झाले. आई सहा-सात वर्षांची असताना गाव उठले. कोणी रायगडकडे गेले, कोणी सांगलीकडे. पंचनाम्यात घर, जमीन, आंब्याची झाडे यांची नोंद झाली. आई अजून सांगते ती नोंद वेगळीच असते. वरच्या वाडीतली कोण खालच्या वाडीत दिली होती, बाळंतपणाला कोण यायचे, पालखी कोणाच्या दारात थांबायची. हे लिहायला कागदावर जागा नव्हती. एका गावाची चार ठिकाणी पांगापांग झाली आणि आजीला शेवटपर्यंत नव्या गावात हाक मारायला माणूस मिळाले नाही.

इरावतीबाईंनी आपली मुलगी जाई निंबकर यांच्यासह या विस्थापितांची पाहणी केली. डेक्कन कॉलेजने ती १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी बाई गेल्या. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा आला १९७६ मध्ये. तोवर कोयनेचे लोक उठून दीड दशक होऊन गेले होते आणि त्यांच्या काही मागण्यांसाठी पुढच्या पिढ्यांना आंदोलने करावी लागली. त्या पुस्तकाचा पत्ता मला चाळिशीत लागला. आईला सांगितले, "आपल्या लोकांवर एका बाईने पुस्तक लिहिलंय." ती म्हणाली, "मग आम्हाला कोणी वाचून का नाही दाखवलं?" या प्रश्नाला उत्तर माझ्याकडे नव्हते.

आता आपल्या मंडळाकडे येतो.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा आपण शिधावाटप केले. यादी कुठून घ्यायची? वर्गणीची वही होतीच. त्या वहीप्रमाणे सगळ्यांना पोचले. आपण समाधानी होतो. दहा-बारा दिवसांनी कळले की, मंडपाच्या मागे दोन गल्ल्या सोडून एका खोलीत उदगीरकडचा एक कंत्राटी कामगार तापाने पडून होता. बरोबरचे गावी निघून गेले होते. त्याला पेज आणि गोळ्या देत होती ती घरमालकीण, कन्नड बोलणारी बाई. हा मुलगा चार वर्षे आपल्या आरतीला यायचा, विसर्जनाला ट्रॉली ढकलायचा. वर्गणी मात्र त्याने कधी दिलेली नव्हती, म्हणून वहीत नाव नव्हते. मला ते फाटक आठवले.

२०२२ च्या उत्सवानंतर आम्ही काही जणांनी घरोघर जायचे ठरवले. मी चौतीस प्रश्नांचा छापील तक्ता केला, अभिमानाने. महिला समितीच्या एका वहिनींनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही हे रुळाला विचारा. माणूस इतकं सांगत नाही." त्यांनी सहाच प्रश्न ठेवले. जात विचारायची का, यावर एक अख्खी बैठक गेली. घुर्ये आणि इरावतीबाई यांचे सारे काम जातीचा विचार केल्याशिवाय उभेच राहिले नसते, हे मी सांगितले. पण विद्यापीठाने विचारणे आणि शेजाऱ्याने विचारणे यात फरक आहे, हे एका काकांचे म्हणणे मला पटले. पगारही गाळला. "हे मंडळ आहे, जनगणना खाते नव्हे," असे म्हणून दोन ज्येष्ठ सभासद बैठकीतून उठून गेले. ते अजून नाराज आहेत. हा लेख ते वाचतील अशी आशा आहे.

सहावा प्रश्न वहिनींचा होता : रात्री दोन वाजता काही झाले तर कोणाचे दार वाजवाल?

मला खात्री होती की लोक मंडळातल्या कोणाचे तरी नाव घेतील. पुरुषांनी बहुतेक तसेच केले, किंवा कंपनीतल्या सुपरवायझरचे नाव घेतले. बायकांनी नाही. त्यांनी नावे घेतली ती शेजारच्या अक्काची, खालच्या दुकानदाराची, एकीने तर दूधवाल्याची. बहुतेक कन्नड किंवा तेलुगू माणसे. वीस-वीस वर्षे आपल्या हळदीकुंकवाला येणाऱ्या बायका, पण रात्री दोनला आपले दार त्यांना आठवत नव्हते. एका घरी मुलगी नुकतीच लग्न होऊन आली होती. तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "कोणाचंच नाही." आम्ही चौघे होतो. कोणी पुढचे बोलले नाही. वहिनींनी तक्त्यावर आपला मोबाईल नंबर लिहून तो कागद फाडून तिच्या हातात दिला. पाहणीच्या शास्त्रात हे बसत नाही, मी नंतर पुस्तकात पाहिले.

त्या पाहणीतून दोन गोष्टी झाल्या. अथर्वशीर्षाच्या दिवशी आता त्या अक्का, दुकानदार, घरमालकीण यांना निमंत्रण जाते आणि प्रसादाच्या पहिल्या पंगतीत ते बसतात. आणि बायकांसाठी रविवारचा कन्नड वर्ग सुरू झाला. शिकवायला तीच घरमालकीण येते. तिसरी गोष्ट करायची होती, ती झाली नाही. सगळ्यांचे तक्ते एकत्र करून लोकांना वाचून दाखवायचे होते. आईच्या प्रश्नामुळे मी त्याचा आग्रह धरला होता. पण कोणाच्या घरातले किती सांगायचे, यावर एकमत झाले नाही आणि ते तक्ते मंडळाच्या कपाटात कुलुपात आहेत.

मधल्या काळात गाव बदलले. १० ऑगस्ट २०२५ ला मेट्रोची पिवळी लाईन आर. व्ही. रोडपासून बोम्मसंद्र्यापर्यंत सुरू झाली. भाडी वाढली, पुष्कळ मुले चंदापूर, अत्तिबेलेकडे सरकली. जुने पत्ते चालणार नाहीत. डॉ. मॅन यांच्याप्रमाणे आपल्यालाही दुसरे गाव घ्यावे लागेल, म्हणून यंदा हीललिगे स्टेशनच्या पलीकडच्या खोल्यांपासून सुरुवात करायची आहे. अनंत चतुर्दशीनंतरच्या दुसऱ्या रविवारी सकाळी आठ वाजता मंडपाच्या जागी जमावे. दोघा-दोघांची जोडी असेल, त्यात एक महिला असावी. तक्ते मंडळ देईल, पेन आपापले आणावे.