बहुवारिके, व्युत्क्रमी बंधयुक्त
ज्या बहुवारिकांच्या (अनेक लहान रेणू जोडले जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूंच्या) शृंखलांमधील काही दुवे तुटून पुन्हा जुळू शकतात, असे पदार्थ. हे दुवे दुर्बळ असले, तरी त्यांच्यामुळेच पदार्थाला चिवटपणा येतो.

नैसर्गिक रबर उष्णतेने चिकट व थंडीने कडक होते. चार्ल्स गुडयीअर यांनी १८३९ मध्ये ते गंधकाबरोबर तापवून हा दोष घालविला (व्हल्कनीकरण). गंधकामुळे शृंखलांमध्ये आडवे दुवे निर्माण होतात, हे मात्र पुष्कळ नंतर कळले. कारण दीर्घ शृंखलांची कल्पनाच हेर्मान श्टाउडिंगर यांनी १९२० मध्ये मांडली. हे दुवे सहसंयुजी व जवळजवळ कायमचे असतात. ते फार वाढविल्यास पदार्थ कठीण पण ठिसूळ होतो. शिवाय तो वितळवून पुन्हा घडविता येत नाही. जुन्या टायरांची विल्हेवाट अवघड होण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

यावर उपाय म्हणून हायड्रोजन बंध, धातूंचे आयन इत्यादींच्या दुव्यांकडे लक्ष गेले. ताण पडताच असे दुवे आधी तुटतात. त्यात ऊर्जा खर्च होते, ताण एका जागी न साचता विभागला जातो आणि मुख्य शृंखला अभंग राहतात. ताण गेल्यावर दुवे पुन्हा जुळतात. नेदर्लंड्समध्ये ई. डब्ल्यू. मायर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये चार-चार हायड्रोजन बंधांनी जोडलेली बहुवारिके तयार केली. फ्रान्समध्ये ल्यूडव्हिक लेब्लर व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तयार केलेल्या रबराचे कापलेले तुकडे साध्या तापमानासच दाबून धरले असता सांधले गेले. हार्व्हर्ड विद्यापीठात २०१२ मध्ये तयार झालेले, सु. ९०% पाणी असलेले जेल मूळ लांबीच्या वीसपटींहून अधिक ताणता आले. त्यात कायम दुव्यांच्या जाळ्याला कॅल्शियम आयनांनी जोडलेल्या अल्जिनेटाच्या जाळ्याची जोड दिलेली होती.

या संशोधनात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा (स्थापना १९५०) वाटा आहे. शायनी व्हर्गीस, आशिष लेले व रघुनाथ माशेलकर यांनी २००६ मध्ये संक्रमणी धातूंच्या आयनांमुळे जेल सांधले जाते, असे दाखविले. याच संशोधकांचा सहभाग असलेल्या २०१२ च्या कार्यात, शृंखलेला लोंबणाऱ्या बाजूच्या साखळ्यांमुळे जेलचे तुकडे अम्लीय विद्रावात काही सेकंदांत जुळले व क्षारकीय विद्रावात पुन्हा विलग झाले.

दुर्बळ दुव्यांवर दीर्घकाळ भार राहिल्यास पदार्थ हळूहळू ओघळतो. म्हणून कायम व व्युत्क्रमी दुव्यांचे योग्य प्रमाण साधणे, हा या क्षेत्रातील मुख्य प्रश्न आहे.