वस्त्रं साताऱ्याची, कारभार पुण्याचा

शिळफाट्याला उतरलो (ठाण्याच्या नव्हे, खोपोलीच्या) की आमची गँग वडापावकडे वळते. मागच्या पावसाळ्यात मी एकटाच खोपोलीच्या तळ्यावर गेलो. हे तळं आणि तिथलं महादेवाचं देऊळ नाना फडणवीसांनी बांधलं. नाना पेशवे नव्हते, छत्रपती तर नव्हतेच. मग एवढी सत्ता त्यांच्याकडे आली कुठून?

पेशवा म्हणजेच पंतप्रधान. 1713 मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना ते पद दिलं. देणारा राजा, त्यामुळे काढून घेणाराही तोच. पण 1720 मध्ये पद मुलाकडे गेलं, 1740 मध्ये नातवाकडे. 1749 मध्ये शाहू वारले. पुढच्याच वर्षी सांगोल्याच्या करारानंतर राज्याचा कारभार पुण्याच्या हातात गेला. वस्त्रं मात्र साताऱ्याहूनच येत राहिली. 1774 मध्ये ती आली सवाई माधवरावांसाठी, तेव्हा ते जेमतेम चाळीस दिवसांचे होते. राजाच्या नावाने पेशवा आणि पेशव्याच्या नावाने नाना, असा कारभार सुरू झाला.

आपली घटनाही वरवर तशीच दिसते. नेमणूक राष्ट्रपती करतात, कारभार त्यांच्या नावाने चालतो, निर्णय पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ घेतं. पण कलम 75 प्रमाणे हे मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं. 17 एप्रिल 1999 रोजी वाजपेयींच्या बाजूने 269 मतं पडली, विरोधात 270. एका मताने सरकार गेलं. साताऱ्याकडे उरली नव्हती ती ताकद हीच.

आमच्या कामात एखाद्याला अ‍ॅडमिन करताना आधी बघतो, त्याचा अ‍ॅक्सेस काढू कोण शकतो. लोकसभेत तो अधिकार खासदारांकडे आहे. मात्र 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षाचा व्हिप मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते. घोडेबाजार थांबावा म्हणून केलेला कायदा, पण अविश्वास ठरावालाही तो लागू होतो. एकाच पक्षाचं बहुमत असेल, तर पंतप्रधानांना जाब विचारणाऱ्यांना आदेश त्यांच्याच पक्षाकडून येतो. अधिकार कागदावर राहतो, साताऱ्याच्या वस्त्रांसारखा.

कर्जत-खालापूर मावळ लोकसभा मतदारसंघात येतं. पुढच्या वेळी मत मागायला कोणी शिळफाट्याला आलं, तर रस्त्यांबद्दल विचाराच. सोबत हेही विचारा: पक्षाचा व्हिप एकीकडे आणि तुमचं मत दुसरीकडे असेल, तर बटण कुठलं दाबाल?